रोख्यामागचा हिशेब : न्यायमूर्ती रानडे यांची फिरती कचेरी

महादेव गोविंद रानडे हे नाव ठाऊक नाही असा वाचणारा माणूस महाराष्ट्रात विरळा. कोणी त्यांना समाजसुधारक म्हणून ओळखतो, कोणी प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ म्हणून, कोणी मराठ्यांच्या सत्तेचे इतिहासकार म्हणून, तर कोणी हिंदी अर्थशास्त्राचा पाया घालणारे म्हणून. त्यांच्या नावाला 'न्यायमूर्ती' ही पदवी तर अशी जडली आहे की ती नावाचाच भाग वाटावी. परंतु त्यांनी न्यायदानाचे काम कोठे केले, कसे केले आणि त्यातून कोणाच्या पदरात काय पडले, असे विचारले तर बहुतेकांना मुंबईच्या हायकोर्टापलीकडे काही सांगता येत नाही. वास्तविक हायकोर्टात ते बसले ती आयुष्याची अखेरची सात वर्षे. त्यापूर्वीची बावीस वर्षे त्यांनी खालच्या पायरीवरच्या कोर्टांत काढली, आणि त्यांतलीही अनेक वर्षे एका जागी बसून नव्हे, तर तालुक्यातालुक्यांतून फिरत काढली. त्या फिरत्या कचेरीची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

ती सांगावीशी वाटण्याचे कारण उघड आहे. आम्ही काही कायदेपंडित नव्हे. कामगारांच्या तारखांमागे कोर्टाच्या पायऱ्या चढता उतरता जो कायदा कानावर आणि डोळ्यांखालून गेला तेवढाच आमचा अभ्यास. परंतु त्या अभ्यासात एक प्रश्न नेहमी पुढे उभा राहिला : कागद एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला असेल, तर न्यायाधीशाने कोणाकडे पाहावे? या प्रश्नाशी ज्यांनी अनेक वर्षे झुंज घेतली असे न्यायाधीश आपल्याकडे होऊन गेले, आणि ज्या वसंत व्याख्यानमालेचे रोप पाहून गावोगाव अशा माला सुरू झाल्या ते रोपही १८७५ साली पुण्यात त्यांनीच लावले. तेव्हा या व्यासपीठावर त्यांचा हिशेब मांडणे हे एका अर्थी ऋण फेडणेच होय.

निफाड ते पुणे

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. वडील गोविंदराव कोल्हापूर दरबारच्या नोकरीत असल्याने बालपण कोल्हापुरात गेले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली, तीत उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत ते होते. १८६२ साली बी. ए., १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एलएल. बी. अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. वाचनाचा ताण इतका की डोळे कायमचे अधू झाले. थोडे दिवस अक्कलकोट व कोल्हापूर या संस्थानांत काम, नंतर एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन, आणि १८७१ साली पुण्यास पहिल्या वर्गाचे सबॉर्डिनेट जज्ज म्हणून नेमणूक, असा त्यांचा पूर्वक्रम आहे.

पुण्यात सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली होती. रानडे आले आणि सभेला डोके मिळाले. सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी केली, अर्ज केले, आणि कोर्टाबाहेर तंटे मिटविण्यासाठी लवाद कोर्टाचा पुरस्कार केला. सरकारी नोकरीत राहून हे सारे करणे सोपे नव्हते. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले, त्याच वर्षी पुण्यात बुधवारवाडा जळाला, आणि संशयाची दृष्टी रानडे यांच्याकडे वळली. नाशिकहून त्यांची बदली धुळ्यास झाली व त्यांची पत्रे फोडून पाहिली जाऊ लागली. पुढे संशय फिटला. ज्या सरकारने त्यांच्यावर पाळत ठेवली त्याच सरकारला दोन वर्षांच्या आत एका नव्या आणि अवघड कायद्याच्या अंमलासाठी त्यांचीच गरज भासली. तो कायदा समजण्यासाठी शेतकऱ्याच्या घरातला रोखा आधी उलगडला पाहिजे.

तीन वर्षांचा रोखा

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले. तेथला कापूस विलायतेस जाईना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचे मोल आले. दख्खनमध्ये सावकार आपण होऊन पैसे देऊ लागले व शेतकरी ते घेऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि कर्ज तेवढे मागे राहिले. त्याच सुमारास तीस वर्षांचा जुना सारा संपून नवी आकारणी सुरू झाली आणि पुष्कळ ठिकाणी सारा दीडपट किंवा त्याहून अधिक वाढला. सारा रोख द्यावयाचा, तो ठरल्या हप्त्याला द्यावयाचा, पाऊस पडो वा न पडो. तेव्हा पुन्हा सावकाराचे दार.

यात कायद्याने एक विपरीत भर घातली. १८५९ साली मुदतीचा कायदा झाला व साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरली. हेतू चांगला होता. जुनी कर्जे पिढ्यान् पिढ्या मानेवर राहू नयेत असा. परंतु झाले उलटे. मुदत भरत आली की सावकार कुळाला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि नवा रोखा लिहून घेई. आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे. एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्याची कोर्टे हा नियम मानीत. पण नव्या रोख्यात कालचे व्याजच आजचे मुद्दल झालेले असे, मग दामदुपट कशाची मोजणार?

आम्ही येथे एक साधे गणित मांडतो. शंभर रुपये कर्ज, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये, आणि परतफेड काहीच नाही असे धरू. तीन वर्षांत व्याज बहात्तर होते. नवा रोखा १७२ रुपयांचा. आणखी तीन वर्षांनी तो सुमारे २९६ चा होतो, नऊ वर्षांनी ५०९ चा, आणि बारा वर्षांनी ८७५ चा. सरळ व्याजाने हीच रक्कम बारा वर्षांत ३८८ व्हावयाची. मधला फरक ४८७ रुपये. हे पैसे कोणी कोणाला कधी दिलेच नव्हते. ते नुसते लिहिले गेले होते. शिवाय मधल्या वर्षांत शेतकऱ्याने खळ्यावरून जे धान्य सावकाराच्या घरी पोहोचविले ते वहीत कोणत्या भावाने चढले, किंवा चढले तरी की नाही, हे त्याला वाचता येत नव्हते.

असा रोखा कोर्टात आला की न्यायाधीशाचे काम दोन मिनिटांचे. सही किंवा निशाणी खरी आहे काय? आहे. प्रतिवादी हजर आहे काय? नाही. मग एकतर्फी हुकूमनामा. पुढे जप्ती, लिलाव, आणि प्रसंगी देणेकऱ्याला कैद. न्यायाधीश लबाड नव्हता, पुष्कळदा दयाळूही असेल. पण त्याला कायद्याने फक्त कागद दाखविला होता, आणि कागद निर्दोष होता.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात याचा स्फोट झाला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. तेथून दंगा पुणे व अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की दंगेखोरांचा डोळा सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. त्यांना हवे होते रोखे, वह्या आणि हुकूमनामे. ते हाती लागले की जाळीत. कोर्ट ज्या एका कागदाकडे पाहत होते, त्याच कागदाकडे त्यांनीही पाहिले, इतकेच.

रोख्यामागे जाण्याचा कायदा

सरकारने चौकशी कमिशन नेमले. पाहणी केलेल्या भागात सुमारे एक-तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आढळले. पुढे १८७९ साली 'डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट' म्हणजे दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता.

या कायद्याने न्यायाधीशाच्या हातून कागद काढून घेतला नाही, पण त्याला कागदाच्या मागे जाण्याची आज्ञा केली. कर्जदाराने रोखा मान्य केला तरी व्यवहाराचा मूळापासून हिशेब करावयाचा. मुद्दलाचे खाते निराळे, व्याजाचे निराळे. मुद्दलात धरावयाचे ते प्रत्यक्ष हाती पडलेले पैसे आणि प्रत्यक्ष घेतलेला माल. मध्ये केव्हाही व्याजाचे मुद्दल केले असेल तर ते मुद्दल मानावयाचे नाही, आणि व्याज सरळ धरावयाचे. निघेल त्या रकमेचे हप्ते बांधून देता येत. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैद नाही, आणि स्पष्टपणे गहाण नसलेली जमीन विकावयाची नाही. शेतकऱ्याने लिहून द्यावयाचा दस्त गावच्या रजिस्ट्रारासमोर व्हावा, दिलेल्या पैशाची पावती मिळावी, आणि दावा लावण्यापूर्वी तडजोड करून देणाऱ्या पंचापुढे एकदा जावे, अशीही तजवीज होती. लहान रकमेच्या दाव्यांत वकिलांना सहसा मज्जाव होता. कारण वकील परवडे तो एकाच पक्षाला.

येथेच एक मोठी अडचण होती. खर्च आणि विलंब टळावा म्हणून या कायद्याखालील बहुतेक निकालांवर अपील ठेवलेले नव्हते. मग खालच्या न्यायाधीशाने चूक केली तर? त्यासाठी 'स्पेशल जज्ज' ही जागा निर्माण झाली. कोणी मागो न मागो, खालच्या कोर्टाचे कागद मागवावेत, तपासावेत, आणि निकाल बेकायदा किंवा गैरवाजवी दिसला तर तो बदलावा, असा अधिकार त्याला होता. पहिले स्पेशल जज्ज डॉ. पोलन. त्यांच्या हाताखाली १८८१ साली पुणे व सातारा या जिल्ह्यांसाठी रानडे यांची नेमणूक झाली. १८८४ साली ते पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे जज्ज झाले. परंतु काही वर्षांनी पोलन यांच्या जागी स्वतः स्पेशल जज्ज होऊन ते पुन्हा याच कामावर आले, आणि १८९३ पर्यंत चारही जिल्ह्यांत फिरत राहिले.

फिरती म्हणजे काय

अपील आणि तपासणी यांत काय फरक आहे तो शहरी मनुष्याच्या चटकन ध्यानात येत नाही. अपील म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याने पैसे उभे करून, वकील गाठून, मुदतीत न्यायाकडे चालत जाणे. तपासणी म्हणजे न्यायाने त्याच्याकडे चालत येणे. ज्याला आपल्यावर निकाल झाला हेच जप्तीचा माणूस दारात आल्यावर कळते, त्याला अपिलाचा हक्क देणे म्हणजे भुकेल्याला पंचपक्वान्नांच्या ताटाची नुसती चिठ्ठी देणे होय.

वर्षातील बराचसा काळ रानडे या फिरतीवर असत. तालुक्याच्या गावी मुक्काम पडला की दप्तरे उघडावयाची. अशा तपासणीत पाहावयाचे ते साधेच असते, पण ते चिकाटीने पाहावे लागते. समन्स खरोखर पोहोचले काय? हिशेब मुळापासून केला, की रोख्यावरचा आकडाच उतरून घेतला? व्याज मुद्दलात मिसळले काय? बांधलेला हप्ता शेतकऱ्याच्या पिकातून निघण्याजोगा आहे काय? पंचापुढे तडजोड झाली असे लिहिले आहे, ती कर्जदाराला उमजून झाली काय? डोळे अधू असलेल्या माणसाने वर्षानुवर्षे ही दप्तरे तपासली. रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. या फिरतीत त्या पुष्कळदा बरोबर असत, आणि नवऱ्याची कचेरी चालू असताना गावातील मुलींच्या शाळा पाहणे व बायकांशी बोलणे हे त्यांचेही शिक्षण होत गेले.

अपील नसलेले कोर्ट कसे चालवावे याचे दुसरे उदाहरण त्याच काळी, ज्या अमेरिकेच्या युद्धाने आपल्याकडचा कापूस चढला व पडला, त्या अमेरिकेतच घडत होते. पश्चिमेकडच्या नव्या, बेबंद मुलखाच्या सीमेवर आर्कान्सास राज्यात फोर्ट स्मिथ नावाचे गाव आहे. तेथे १८७५ च्या मे महिन्यात, म्हणजे सुप्याच्या दंग्याच्याच महिन्यात, आयझॅक पार्कर यांनी कोर्ट उघडले. आजच्या ओक्लाहोमाचा अफाट मुलूख, जो तेव्हा मूळ रहिवाशांच्या जमातींसाठी राखलेला होता, तो त्यांच्या अधिकारात होता. एकवीस वर्षांत त्यांनी १६० जणांना फाशीची शिक्षा सुनावली व ७९ जण प्रत्यक्ष फासावर गेले. १८८९ पर्यंत त्यांच्या फाशीच्या निकालावर अपील नव्हते. ते सुरू झाल्यावर मात्र अनेक निकाल वरच्या कोर्टाने फिरविले. पार्कर मेहनती होते, प्रामाणिकही होते. परंतु त्यांचे कागद आपण होऊन तपासणारा कोणी नव्हता. त्यांची कीर्ती कथा-चित्रपटांतून जगभर गेली. रानडे यांच्या फिरत्या कचेरीवर कोणी चित्रपट काढणार नाही, कारण तीत फास नाही, गोळी नाही; आहे ती फक्त बेरीज-वजाबाकी. पण शेतकऱ्याचे घर वाचते ते बेरीज-वजाबाकीनेच.

कायदा कोठे थकला

गुणगान करून थांबणे हे रानडे यांनाच रुचले नसते. तेव्हा दुसरी बाजूही सांगितली पाहिजे.

सावकार कायद्याहून चपळ निघाला. गहाणखत लिहिले तर कोर्ट मुळाशी जाते हे कळताच त्याने गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घ्यावयास सुरुवात केली. पैसे फेडलेस की जमीन परत, असे तोंडी वचन. कागदावर मात्र सरळ विक्री. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन अशा खरेदीखताच्या मागे गहाण दडले आहे काय, हे तोंडी पुराव्याने पाहण्याची मोकळीक कोर्टास मिळाली, पण तोवर पुष्कळ जमीन गेली होती.

दुसरे असे की कर्ज बुडविल्याने किंवा कमी केल्याने शेतकऱ्याची पुढच्या हंगामाची गरज भागत नाही. रानडे हे पक्के जाणून होते. सावकाराला ठोकून काढावे असे त्यांचे मत नव्हते. त्याच्या जागी बरी पतव्यवस्था उभी राहावी असे होते. सर विल्यम वेडरबर्न यांच्याबरोबर त्यांनी पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढण्याच्या योजनेला हातभार लावला. हिंदुस्थान सरकारचा कल अनुकूल होता, परंतु विलायतेतील भारतमंत्र्यांकडे ती अडली. १८९१ साली त्यांनी ग्रामीण पतपुरवठ्याच्या पुनर्रचनेवर निबंध लिहून युरोपातील देशांचे दाखले दिले. सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला तो १९०४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. शिवाय सारा जबर व ताठर आहे तोवर कर्जाचे मूळ तुटणार नाही, हेही ते सांगत आले. ते मात्र सरकारने फारसे ऐकले नाही.

तिसरी गोष्ट आमच्यासारख्याला अधिक टोचणारी आहे. शेतीचा उद्धार भांडवल बाळगणाऱ्या काटकसरी जमीनदार वर्गाकडून होईल अशी आशा रानडे बाळगून होते. प्रशियातील जमीनसुधारणेचे उदाहरण त्यांना मोहवीत असे. त्या चित्रात केवळ हातावर पोट असलेल्याची जागा लहानच होती. आजचा शेतकरी तीस वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहे, अशा आशयाचे विधान त्यांनी केले तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'इशारा' ही पुस्तिका काढून त्यांना रोखठोक उत्तर दिले. न्यायाधीश दप्तरातून शेतकऱ्याकडे पाहत होता, फुले बांधावरून पाहत होते. आमच्या मते दोघांचीही गरज होती. बांधावरची हाक नसेल तर दप्तर उघडत नाही, आणि दप्तर उघडणारा कोणी नसेल तर हाक वाऱ्यावर जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४३ साली रानडे जयंतीला पुण्यात भाषण केले, तेव्हा व्यक्तिपूजेवर कोरडे ओढीत असतानाही रानडे यांच्या मोठेपणाला त्यांनी मान दिला. तो असाच तोलून मापून दिलेला मान होता.

नोव्हेंबर १८९३ मध्ये, न्यायमूर्ती काशीनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या हायकोर्टाच्या जागी रानडे यांची नेमणूक झाली. १६ जानेवारी १९०१ रोजी, साठी गाठण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले.

गोदावरीच्या अलीकडे

आता जालन्याच्या श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न आला असेल : या सगळ्याचा आमच्याशी काय संबंध? त्या काळी तो नव्हता, हीच खरी बोच आहे. रानडे यांची फिरती अहमदनगर जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत येई आणि थांबे. पलीकडे मोगलाई. तेच पीक, तीच भाषा, तसाच रोखा; परंतु हा कायदा तेथे लागू नव्हता. निजामाच्या राज्यात १८८० च्या दशकात सरकारी कामकाजाची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. म्हणजे आमच्या पणजोबांच्या बांधावरचा तंटा मराठीत होई आणि निकाल त्यांना न वाचता येणाऱ्या लिपीत येई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाची ती राजवट संपली, १९५० साली कूळकायदा आला, १ मे १९६० रोजी आपण महाराष्ट्रात आलो आणि १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. उशिरा का होईना, रोख्यामागे जाण्याचे तत्त्व आपल्याकडेही आले. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियंत्रण कायद्यात, बेकायदा सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घेतले असेल तर व्यवहाराची चौकशी करून जमीन मूळ मालकास परत देण्याची तरतूद आहे. १८७९ च्या कायद्याचेच हे नातवंड म्हणावयास हरकत नाही.

परंतु रोख्याने वेष बदलला आहे. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून दरसाल कितीतरी जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो. हंगाम संपतो, आणि तोड किती झाली, उचल किती फिटली, आजारपणाचे खाडे किती कापले, बाकी किती राहिली, हे सारे मुकादमाच्या वहीत असते. बाकी पुढच्या उचलीत मिळविली जाते. वाचकांनी वर सांगितलेला तीन वर्षांचा रोखा आठवावा. फरक एवढाच की येथे मुदत एका हंगामाची आहे आणि गहाण जमीन नसून माणसाचे हातपाय आहेत. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा अशा कर्जाला थारा देत नाही. पण वहीच्या मागे जाणारा कोणी भेटला तर ना!

कारखान्यांच्या दारातही हेच दिसते. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर अंगठा असतो, पगारपत्रकावर अंगठा असतो, 'सर्व येणे भरून पावले' या कागदावरही अंगठा असतो. तारखेला कागद पुढे येतात, आणि कागद निर्दोष असतात. आमच्या बऱ्याच वर्षांच्या कामाचे सार सांगावयाचे तर एवढेच, की अंगठा कामगाराचा आहे काय, हा प्रश्न विचारणारे पुष्कळ भेटले. अंगठा उठविताना त्याच्या हातात प्रत्यक्ष किती पैसे पडले, हे विचारणारे थोडे. जे भेटले त्यांच्यामुळे चुली पेटत्या राहिल्या.

म्हणून रानडे यांच्या फिरत्या कचेरीपासून घ्यावयाचा बोध न्यायाधीशांपुरता नाही. या सभागृहात वकील आहेत, शिक्षक आहेत, बँकेतली, तहसिलीतली, जिल्हा परिषदेतली माणसे आहेत, व्यापारी आणि कारखानदारही आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाच्या टेबलावर रोज कोणाचा तरी कागद येतो. त्या वेळी चार गोष्टी पाहाव्यात. प्रत्यक्ष हाती किती पडले? मुद्दल कोणते आणि वर चढविलेले कोणते? फेडलेले जमेला धरले काय? आणि ज्याचा अंगठा आहे त्याला त्याच्या भाषेत हे वाचून दाखविले काय? हे चार प्रश्न विचारावयास हायकोर्टाची पायरी लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटे लागतात, आणि थोडे चालत जावे लागते.